गल्ली झोपलेली असताना बॉनेट उघडू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांचा, बँकेत नोकरी, प्रतापनगरच्या बाजूला आमची छोटी सोसायटी. आठ वर्षांची वॅगनआर आहे आणि तिची बारीकसारीक कामं स्वतः करायची मला हौस आहे. मे महिन्यात बायको-मुलं यवतमाळला गेली होती. एका रविवारी दुपारी दोनला, सगळे कूलर लावून झोपलेले पाहून मी खाली गेलो आणि बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी साफ करायला घेतली. अंगात हाफपँट आणि बनियन. दहा नंबरचा पाना लाल टर्मिनलला लावला आणि पाना, माझी अंगठी आणि गाडीचा पत्रा यांची एकदम गाठ पडली. ठिणगी उडाली, बोट पोळलं. दचकून मागे झालो तर डोकं बॉनेटला आपटलं, दांडी सटकली आणि बॉनेट पाठीवर आलं. त्या दणक्यानं चोर-अलार्म वाजायला लागला. अर्धा मी इंजिनावर पालथा, अर्धा बाहेर. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. शेवटी चौकीदार आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांनी बॉनेट उचलून मला बाहेर काढलं. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. पोरं मला ‘बॉनेट अंकल’ म्हणून राहिली आहेत. बोटाला टूथपेस्ट लावून दोन दिवस काढले. बोट सुजलं, अंगठी निघेना, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती कापली. सासऱ्यांनी लग्नात दिलेली अंगठी! बायकोला सांगितलं, पॉलिशला टाकली आहे. लोकांना तोंड कसं दाखवू? बायकोला काय सांगू? आणि पाने विकून टाकू का?
— लाजलेला एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ,

जागेअभावी तुमचं पत्र कापून छापलंय. कापलेला बहुतेक मजकूर कोण कोणत्या गॅलरीतून किती हसलं याचा होता. बोटाबद्दल मात्र सगळं मिळून दोन-तीन वाक्यं. म्हणून मी उलट्या क्रमानं घेते. आधी बोट.

अंगठीनं भाजलेलं बोट वरून दिसतं त्याहून आत जास्त भाजलेलं असतं. तापलेला धातू बोटाला चारी बाजूंनी धरून बसतो. कातडी गोल भाजते, सूज आली की अंगठी आणखी रुतते आणि पुढच्या पेराचं रक्त अडतं. डॉक्टरांनी ती कापली हे फार बरं झालं, आणि ते पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. अजूनही बोटाचं टोक बधिर वाटत असेल, जखमेची जागा पांढरट-चिवट दिसत असेल किंवा बोट पूर्ण मिटत नसेल, तर प्लास्टिक सर्जनला दाखवा. मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, नाहीतर ओळखीच्या खासगी दवाखान्यात, पण जा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं तेही आठवून सांगा. जखम मळकट असेल आणि आधीच्या डोसाला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर डॉक्टर सहसा पुन्हा घ्यायला लावतात.

टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातलं काहीही भाजल्यावर लावायचं नाही. पेस्टनं जखम झाकली जाते, आतली उष्णता आतच राहते, आणि मग दवाखान्यात ती खरवडून काढताना माणूस दुसऱ्यांदा ओरडतो. भाजल्या भाजल्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा, आणि सूज यायच्या आत अंगठी, घड्याळ, कडं काढून टाकायचं. आता नागपुरातली अडचण अशी की मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला जे पाणी येतं, त्यात पत्ती टाकली तर चहाचा रंग उतरेल. अशा वेळी माठातलं पाणी तांब्यानं हळूहळू ओतत राहायचं. आपला माठ संपला तर शेजाऱ्यांचा मागायचा. कूलरच्या टाकीत मात्र हात बुचकळायचा नाही. त्या पाण्यात महिन्याभराची धूळ आणि डासांची अंडी असतात.

मग गाडीकडे येऊ. बारा व्होल्टची बॅटरी शॉक देत नाही हे तुम्ही ऐकलं असणार, आणि ते खरंही आहे. कोरड्या कातडीतून बारा व्होल्ट फारसा करंट ढकलू शकत नाहीत. पण सोनं म्हणजे कातडी नव्हे. धातूनं लाल टोक आणि गाडीचा पत्रा जोडला की लहान गाडीची बॅटरीही क्षणभरात शेकडो अँपिअर सोडते. तिचं कामच ते आहे, स्टार्टर फिरवायला तेवढा जोर लागतो. तो सगळा करंट तुमच्या अंगठीच्या बारक्या कडेतून गेला. गाडीचा सगळा सांगाडा काळ्या, म्हणजे निगेटिव्ह टोकाला जोडलेला असतो. म्हणून काळं टर्मिनल आधी सोडायचं. ते एकदा सुटलं की लाल सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तरी काही होत नाही. बसवताना उलट, लाल आधी आणि काळं शेवटी. हा क्रम बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा.

तुमचं नशीब आणखी एका बाबतीत थोर आहे. बॅटरी चार्ज होत असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. त्याच्याजवळ अशी ठिणगी पडली तर डबा फुटून गंधकाचं आम्ल तोंडावर येतं. अशा कामाला चष्मा हवाच. साधा प्लास्टिकचा, बाजूनं झाकलेला, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. आम्ल डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं पाण्यानं धुवत राहायचं आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळायचं. ती भुकटी काढायला तर पानाही लागत नाही म्हणा. कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना ब्रश, झाकणं घट्ट बंद असल्याची खात्री, पुसून कोरडं केलं की टर्मिनलवर थोडं व्हॅसलीन. एवढ्यासाठी तुम्ही भरदुपारी लढाईवर निघालात.

आणि मला खरं बोलायचंय ते त्या भरदुपारबद्दलच. तुम्ही दोनची वेळ का निवडली? ‘सगळे झोपलेले पाहून’ हे तुमचेच शब्द. सकाळी सात वाजता खाली उतरला असता तर दूधवाला थांबला असता, काकांनी गॅलरीतून विचारलं असतं, “काय भाऊ, काय करून राह्यले?” आणि कोणीतरी हमखास म्हणालं असतं, “अबे, आधी काळं खोल ना!” हे तुम्हाला नको होतं. प्रेक्षक नकोत म्हणून तुम्ही नागपुरातली अशी वेळ निवडली, जेव्हा कुत्रंसुद्धा गाडीखाली सावलीला जाऊन पडतं. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. जिथं यंत्राचा हिशेब चुकतो तिथं घाम डोळ्यात जाणाऱ्या माणसाचा पाना सटकणारच.

घरी गाडीवर काम करताना झालेल्या फजितीची पत्रं या सदराला अधूनमधून येतात, आणि जवळजवळ प्रत्येकात तुमचीच गोष्ट असते. घरचे बाहेरगावी, वेळ आडनिडी, फोन वर चार्जिंगला. माणूस चुकतो तेव्हा त्याला हसू होण्याची भीती जास्त आणि मरणाची कमी वाटते, याचं मला खरंच नवल वाटतं. बॉनेट पाठीवर पडलं म्हणून दोघांना ते उचलता आलं. जागा तीच, वेळ तीच, फक्त तुम्ही बॅटरीऐवजी गाडीखाली असता आणि जॅक घसरला असता, तर?

कारण पुढचं काम तेच असणार, हे मला दिसतंय. बॅटरीनंतर माणूस गाडीखाली जातोच. खालून कसला तरी खडखडाट येतो, आणि हौस म्हणते, बघू तरी. गाडीबरोबर येतो तो कात्रीसारखा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. खाली शिरायचं तर दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावून, सपाट काँक्रीटवर, हँडब्रेक ओढून, टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावून. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. वीट तडकताना आधी सूचना देत नाही. आपल्याकडे जमीनही फितूर आहे. बेसा-बेलतरोडीकडच्या नव्या लेआउटांमध्ये खाली काळी माती, पावसाळ्यात जॅकचा पाय तिच्यात हळूच तिरका होतो. उन्हाळ्यात डांबरी रस्ता दुपारी इतका मऊ होतो की जॅकचा पाया त्यात रुततो. जॅकखाली जाड फळी टाकणं हा साधा उपाय, पण ती फळी डिकीत आधीपासून असावी लागते.

चाकाचे नट गाडी वर उचलायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या. जॅकवर चढवलेल्या गाडीला पान्यानं हिसके देणं म्हणजे तिला स्वतःच्या हातानं खाली ढकलणं. पाना आपल्याकडे ओढा, ढकलू नका. ढकलताना सटकला की बोटांची हाडं थेट पत्र्यावर आपटतात. ढकलायलाच लागलं तर मूठ उघडी ठेवून तळहातानं. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, नट निघण्याऐवजी आटे जातात आणि गुडघाही.

उन्हाळ्यातला दुसरा नेहमीचा बकरा म्हणजे रेडिएटर. वर्धा रोडवर बुटीबोरीच्या अलीकडे, समृद्धीवर, कुठेही गाडीचा काटा लाल रेषेवर गेला की माणूस बाटली घेऊन उतरतो आणि रुमालानं झाकण फिरवतो. त्या झाकणाच्या आत सुमारे एक बारचा जादा दाब असतो, त्यामुळे पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब एकदम शून्यावर येतो, आणि शंभरच्या वर तापलेल्या पाण्याची जागेवर वाफ होते. ती वाफ आणि कूलंट सरळ तोंडावर आणि छातीवर. रुमाल काही कामाचा नाही. इंजिन बंद करून थांबा, वरचा रबरी पाइप हातानं बिनधास्त धरता येईपर्यंत. अर्धा-पाऊण तास, कधी जास्त. तेवढ्यात समोरच्या टपरीवर चहा घ्या. आणि इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा विजेचा पंखा मध्येच आपोआप सुरू होतो, तेव्हा त्याच्या पात्यांपाशी बोटं नकोत.

पंख्यावरून दुपट्टा आठवला. ऊन लागू नये म्हणून आपण इथे बाया-पुरुष सगळेच दुपट्टा गुंडाळतो, कानावरून, मानेवरून, दोन टोकं पुढे मोकळी. तसंच्या तसं चालू इंजिनावर वाकायचं नाही. नंदनवनच्या एका काकूंनी कळवलं होतं, त्यांच्या यजमानांचं एक टोक बेल्टात गेलं, नशिबानं कापड जुनं होतं म्हणून फाटलं. नवं असतं तर मानेसकट माणूस ओढला गेला असता. दुपट्टा काढून बाजूला, बाह्या दुमडलेल्या, लांब केस बांधलेले, आणि गळ्यातली साखळीसुद्धा घरात. अंगठी तर सांगायलाच नको तुम्हाला.

पेट्रोल नळीनं तोंडानं ओढून काढायचा जुना प्रकार अजून चालतो. घोट पोटात गेला तर उलटी काढायची नाही, उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात गेलं की निमोनिया होतो. खोकला किंवा धाप लागली तर १०८ लावा. ज्यांच्याकडे डिझेल गाडी आहे त्यांनी पाइपची गळती बोटानं चाचपायची नाही. आजच्या डिझेल इंजिनात दाब हजार बारच्याही वर असतो, धार कातडीतून आत शिरते आणि बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. ते भोक क्षुल्लक समजून घरी बसलेल्यांची बोटं जातात. आणि बंद शटरच्या गॅरेजात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये, एसी चालतोय का पाहायला म्हणून इंजिन चालू ठेवून बसायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता वहिनी. भाऊ, तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आहे. वहिनी त्या ग्रुपमध्ये नाहीत असं तुम्हाला खरंच वाटतं? नसल्या तरी दुसऱ्या मजल्यावरची त्यांची मैत्रीण आहे. तुम्ही ‘पॉलिशला टाकली’ म्हणालात तेव्हा त्या फोनवर गप्प राहिल्या असतील, तर ती शांतता विश्वासाची नव्हती. त्या वाट बघतायत, तुम्ही कधी सांगता याची. आज संध्याकाळीच सांगा, कापलेली अंगठी समोर ठेवून. तुकडा हरवला नसेल ना? इतवारीच्या सराफ्यात चांगला कारागीर ती जोडून देतो, थोडं सोनं घालावं लागलं तर मापही सैल करून घ्या, नाहीतरी ती घट्टच झाली असणार. सासरेबुवांना वहिनी सांगतील ते सांगू द्या. तुम्ही फक्त ‘बोट वाचावं म्हणून कापली’ एवढं म्हणा. ते वाक्य खरं आहे आणि त्याच्यावर कोणताही सासरा भांडत नाही. पण बोट भाजलं हे लपवून पहिले दोन दिवस एकट्यानं काढले, याचा राग वहिनींना येईल, आणि तो यायलाच हवा. त्यावर सफाई देत बसू नका.

राहिली सोसायटी. व्हिडिओ काढणाऱ्याला सरळ फोन करून तो काढून टाकायला सांगा. बनियनवर इंजिनावर पालथा पडलेला माणूस हा काही सार्वजनिक ठेवा नाही, आणि हे सांगताना अजिबात ओशाळायचं कारण नाही. ‘बॉनेट अंकल’ मात्र राहू द्या. पोळ्यापर्यंत पोरांना दुसरा विषय मिळेल. माझी तक्रार वेगळीच आहे. ज्या दोघांनी तुम्हाला बाहेर काढलं, त्यांचा उल्लेख तुम्ही हसणाऱ्यांच्याच यादीत केलाय. त्या चौकीदाराचे आभार मानलेत का? काकांकडे गेलात का? एका सकाळी तर्रीपोहे बांधून घ्या, दोघांना द्या, आणि काकांना म्हणा, “काका, पुढच्या रविवारी सातला गाडी पाहून राहिलोय, खाली येता का?”

काका येतील. खुर्ची मागतील, न विचारलेले सल्ले देतील, त्यांच्या ॲम्बॅसेडरचे किस्से ऐकवतील, आणि तुमचा जीव मेटाकुटीला येईल. येऊ द्या. त्यांच्या हातात फोन असेल आणि त्यांना १०८ माहीत असेल, एवढंच त्यांचं काम. त्यांना टॉर्च धरायला द्या म्हणजे तोंड जरा कमी चालेल. कधी कोणीच नसलं, काकाही लग्नाला गेले, तर त्या दिवशी गाडी धुवा.

तेव्हा पाने विकायचे नाहीत. उलट एक जाड रबरी मॅट, चष्मा आणि दोन स्टँड घ्या. स्वतःच्या हातानं करायला भरपूर कामं आहेत. वायपर बदला, धुळीनं गच्च झालेला केबिन फिल्टर काढून नवा टाका, काच धुवायच्या टाकीत पाणी भरा, टायरची हवा मोजा, हेडलाइटचा बल्ब बदला. ऑइल बदलायचं तर काका हजर असताना, आणि जुनं तेल नालीत न सोडता डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. ब्रेक, स्टिअरिंगमधली एअरबॅग आणि पेट्रोलच्या लाइनी मेकॅनिककडे. एसीच्या गॅसलाही हात लावायचा नाही, मे महिना असला तरी.